हलीमाची आई

तीर्थपुरीच्या दवाखान्यात डोसाच्या रांगेत माझ्यापुढं दोघी बसल्या होत्या. झुंबरबाईच्या मांडीवर एक तान्ही निजली होती, आणि शेजारी त्या तान्हीची आजी, जैतूनबी.

"खाला, तुमच्या सुनंचा ताप उतरला म्हणं."

"उतरला. दूधबी आलं. उद्यापून तुला तकलीफ न्हाई."

"तकलीफ कसली? एका अंगाला माहा मच्छिंद्र पितो, एका अंगाला ही. आता एक अंग रितं राहील. मोठेपणी ही मला कशाला वळखील?"

"म्हणून तर नाव हलीमा ठिवलं."

"म्हंजी?"

"म्हंजी सबर असलेली, नरम काळजाची. आमच्या पैगंबरांना तान्हेपणी जिनं दूध पाजलं, तिचं नाव. पोटची माय न्हवती ती. पण पैगंबर मोठे झाले अन् ती भेटाया आली, तर त्यांनी अंगावरची चादर काढून तिला बसाया अंथरली."

"एवढ्या मोठ्या मान्सानं?"

"माय म्हणून."

"मंग माहा मच्छिंद्र हिचा कोण?"

"दूधभाऊ. बिलकुल सख्ख्यावाणी."

"घ्या. चोळी-बांगडीचा खर्चा लागला माह्या लेकाला."

"लागू दे की."

आतून नर्सबाईंनी हाक मारली, "हलीमाची आई कोण आहे?"

"खाला, जा तुम्ही."

"मी कशाला? तुला बोलावलं."