शताब्दीचा बोर्ड

चैताली : पण बाबा, आपल्या टायपिंग क्लासला शंभर वर्षं २०७२ साली होणार. आत्ता २००१ चालू आहे.

महिपती : म्हणून तर आत्ताच रंगवून घेतला. नागोरावांसारखं अक्षर तेव्हा खडकीत कुणाचं असणार?

नागोराव : तवा मी बी नसंन, साहेब. रंगाची गॅरंटी हाय, माजी न्हाई.

चैताली : गेल्या महिन्यात विद्यार्थी किती आले?

महिपती : दोन. पण नियमित.

चैताली : त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आला होता.

महिपती : तरी पहिला धडा पुरा करून गेला.

चैताली : हे बघा, हिंजवडीच्या कंपनीला मला सोमवारी उत्तर द्यायचंय. इथे दोन कॉम्प्युटर घेऊ द्या, मी थांबते, क्लास चालवते. नाहीतर मी चालले.

महिपती : धंद्यात लांबचं बघावं, चैताली. बँकेने टाइपरायटर काढले, तेव्हा त्यांच्या सगळ्या रिबिनी मी उचलल्या. २०६० पर्यंत चिंता नाही.

चैताली : टाइपरायटर का काढले, विचारलंत?

महिपती : विचारलं ना. मॅनेजर म्हणाले, कॉम्प्युटर आले. मला त्यांची कीव आली.

नागोराव : कागद काढू का, साहेब? अक्षरांची खालची वळ वाळली.

(नागोराव बोर्डावरचा कागद काढतो.)

चैताली : ‘शताब्दी महोत्सव. संस्थापक, कालकथित महिपती ओव्हाळ.’ बाबा, जिवंतपणी स्वतःला कालकथित लावलंत?

महिपती : तेव्हा मी एकशे तीसचा असेन. बोर्डावर खोटं नको.

नागोराव : मी म्हनलं व्हतं, जागा मोकळी सोडू. ऐकत न्हाईत.

चैताली : ‘अध्यक्षा, चैताली ओव्हाळ.’

महिपती : तू पंच्याण्णवची असशील. जिना जरा जपून चढ.

चैताली : मला न विचारता लिहिलंत?

महिपती : नागोरावांना विचारलं. ते म्हणाले, नाव बसतं.

चैताली : आणि अध्यक्षांनी कॉम्प्युटर आणले तर?

महिपती : मला काय विचारतेस? मी कालकथित.

चैताली : म्हणजे आणू?

महिपती : खिडकीजवळचं टेबल रिकामं केलंय. दोन मावतात. मोजून बघितलं.

चैताली : मग कंपनीला नकार कळवते.

महिपती : टाइप करून कळव. दहाही बोटांनी.