जाखमाता मागच्या दारी गेली

मंडळी, आज आधी तुम्हालाच विचारतो — नाचणं पाप आहे का हो?

बोला की! आत्ता मी इथं कीर्तनात उड्या मारत होतो, धोतर सुटेल की काय म्हणून माझ्या टाळकऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता — ते पाप? नाही! कैलासावर साक्षात महादेव नाचतो, तो पापी? शिव शिव! मग बाई नाचली, लोकांनी पैसे टाकून बघितली, तर पाप नेमकं कुठं बसतं? पायात? डोळ्यात? की गल्ल्यावर? ऐका.

खाडीकाठी चिंचखार नावाचं गाव. तिथं हासूराम घरत. हायवेला जमीन गेली, हाती पैसा आला, हासूचा हासूशेठ झाला! आणि शेठनं काढला डान्स बार. नाव काय ठेवलं? 'रंभा'! आत लाल दिवे, गुबगुबीत सोफे, मधे स्टेज. पोरी नाचायच्या, मंडळी बसून बघायची. बाहेर पाटी मात्र 'फॅमिली रेस्टॉरंट'. फॅमिली घेऊन कोण गेलं असेल, तर हात वर करा!

पण हासूशेठ भाविक हो! सोमवारी निरंकार उपास. गल्ल्यामागं ग्रामदेवी जाखमातेचा फोटो, रोज ताजा हार. आणि धंदा सुरू झाला की फोटोवर पडदा! का? तर देवीनं बघायला नको. अरे लबाडा — तिन्ही लोक बघणारी, ती तुझ्या वीतभर पडद्याला अडते होय?

कुणी काही म्हटलं, तर शेठचं उत्तर तयार. "मी कुणाला हात लावला? जबरदस्ती केली? पोरी पोट भरतात, मी छप्पर देतो. पुण्यच आहे की!" दिवसा हे पटायचं. पण बायको, हौसाबाई, एवढ्या वर्षांत त्या बारची पायरी चढली नव्हती. ते मात्र शेठच्या काळजात सलायचं.

आली चैत्रातली जत्रा. देवीची पालखी घरोघर थांबते, बायका ओटी भरतात. शेठ म्हणाला, "यंदा पालखी माझ्या बारच्या दारात थांबली पाहिजे!" म्हणजे शिक्का बसला ना — धंदा देवीला मान्य! गावात चार दिवस कचाकच भांडण झालं. शेवटी गुरव म्हणाला, "आईला जायचं तिथं ती जाईल. आपण कोण ठरवणार?"

भर दुपारी पालखी हायवेला लागली. ढोल! गुलाल! शेठनं दारात रांगोळी काढली, झेंडूचं तोरण बांधलं, पांढरीशुभ्र टोपी घातली. आणि पोरींना काय म्हणाला? "ए, देवी येतेय. तुम्ही समोर दिसू नका. मेकअपच्या खोलीत बसा." आणि बाहेरून कडी! ज्यांच्या पायांवर बार उभा, त्यांनाच कोंडलं. देवीला विटाळ नको म्हणून! वा रे भक्ती!

पालखी दाराशी आली. शेठनं ताट उचललं — आणि पालखी वळली! पुढचा भोई पोशा ओरडला, "अरे, आई ओढतेय! आवरंना!" खांदेकरी झुकले, गरकन फिरले, बाजूच्या बोळातून थेट मागच्या दाराशी!

आता देवीनं ओढलं, हे शंभर टक्के मान्य! पण पोशा, मागच्या दाराचा रस्ता तुझ्या पायांना एवढा पाठ कसा रे? — हसू नका, पोशाची बायको मागं उभी होती, तिनंही हेच विचारलं!

पालखी त्या कडी लावलेल्या खोलीपुढं उभी. पुढं जाईना. शेठ ताट घेऊन धावत आला, टोपी वाकडी. गुरव म्हणाला, "कडी काढ, हासू." काढली. आत सात बायका भिंतीला चिकटून उभ्या. त्यांतली थोरली पुढं आली. शेठ तिला रोझी म्हणायचा.

गुरवानं गाऱ्हाणं घालायला विचारलं, "नाव काय, बाय?"

"विमल. विमल सोनू तांडेल."

शेठ बघतच राहिला. सहा वर्षं रोज हाक मारली, आणि नाव आज कळलं!

पालखीबरोबर आलेल्या हौसाबाईनं आपल्या हातातली खणानारळाची ओटी विमलच्या हातात दिली. विमलनं ती देवीला वाहिली. ढोल दुमदुमला! आणि शेठला काय आनंद! "बघा! देवी आली! माझा धंदा पवित्र झाला!"

विमल म्हणाली, "शेठ, आई आमच्याकडं आली. धंद्याकडं कुठं आली?"

काय बोलली हो! शेठ चिडला. "नाचात वाईट काय आहे? सांग ना!"

"काहीच नाही. मग तुम्ही नाचा. आम्ही बसून बघतो."

सगळ्या हसत आत गेल्या, सोफ्यावर बसल्या. आणि पहिल्यांदाच पायरी चढून हौसाबाईसुद्धा त्यांच्या शेजारी बसली! शेठ इरेला पेटला, स्टेजवर चढला. दिवे तोंडावर. गाणं सुरू. आठ जोडी डोळे अंगावर! एक पाय उचलला, तो खालीच येईना. पोट आत घेऊ की टोपी सांभाळू? घाम फुटला.

"शेठ, हसा की!" विमल ओरडली. "गिऱ्हाईकाला हसरा चेहरा लागतो!"

त्याचंच वाक्य! रोज तोच हे सांगायचा! शेठनं हसायला तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर पडला. मटकन खाली बसला. "बंद! आजपासून बार बंद!"

तुम्हाला वाटलं, झालं, उद्धार झाला! छे! विमल उठली. "तुम्ही बंद करून पुण्यवान व्हाल, आणि आमची चूल विझेल. आम्हाला विचारलंत?"

मंडळी, तिथं हासूराम खरा वाकला. खाली बसल्या बसल्या हात जोडून म्हणाला, "विमलताई, तुम्ही सांगा. काय करू?"

दोघी गावी परत गेल्या. एक म्हणाली, "मला दुसऱ्या बारात काम मिळतं, मी जाते," आणि गेली. तिला कुणी नावं ठेवायची नाहीत! उरलेल्या चौघींनी लग्नाच्या हळदीला गाणी म्हणायचा ताफा काढला. कुठं जायचं, किती घ्यायचं, कुणाला नाही म्हणायचं, सगळं त्या ठरवणार! आणि हासूराम? टेम्पो चालवणार, लाउडस्पीकरचा कर्णा बांधणार! पहिल्याच हळदीत बायकांनी त्याला ओढलं मधे. अख्खा मांडव नाचत होता, बसलेलं कुणीच नव्हतं. आणि हासूराम असा नाचला — अस्वलानं शरमावं!

त्याचं पाप फिटलं का? मला काय विचारता, तो हिशेब माझ्याकडं नाही. पण पाप कुठं बसलं होतं, ते त्याला कळलं. आणि तुम्हाला?

हासूरामला नावं ठेवणं सोपं हो! त्यानं सोफे मांडले, मान्य. पण सोफे रिकामेच राहिले असते, तर बार चालला असता का? तिथं बसून बघणारी माणसं काय परदेशातून आली होती? — खाली बघू नका, वर बघा. मी नाव घेणार नाही. बाजूला तुमची माणसं बसलीत.

चला, उठा सगळे! पुढच्या रांगेतले पाहुणे, तुम्हीसुद्धा! मृदंग घुमू द्या, टाळ कडाडू द्या, नाव घ्या देवाचं — आणि आज इथं कुणी बसून बघायचं नाही!