पपनसाचं राहून गेलेलं उत्तर

सन्माननीय अध्यक्ष तुयेनआजोबा, मंचावरील पाहुणे मंडळी आणि ह्युएच्या नदीकाठच्या आमच्या वाडीतल्या बागवाल्या बंधुभगिनींनो,

खिएमकाका उद्या मुलीकडे सायगोनला कायमचे निघालेत, म्हणून आपण जमलो आहोत. चाळीस वर्षं त्यांनी आपल्या परसातली झाडं छाटली. कोणाच्या झाडाचे पाणसोट, नुसतं बळ खाणारे ते वांझ फुटवे, त्यांच्या कात्रीतून सुटले? कापल्या जागी चुना लावायचा राहिला, की चारचौघांत विचारायचे, "तुझं बोट कापलं तर असंच उघडं ठेवशील का रे?" हसू नका, अध्यक्ष, तुम्हीही ऐकून घेतलंय हे.

पाचव्या महिन्याच्या पाचवीला, भर दुपारी, फळायला कुचराई करणाऱ्या झाडाला धाक घालायची आपली रीत. काकांच्या पपनसावर न्हानकाकू चढून बसायच्या. काका खालून कोयत्याची पाठ बुंध्यावर आपटायचे. "फळं देतेस, की तोडू?" वरून झाडाच्या वतीने काकू ओरडायच्या, "देते हो, देते! तोडू नका. आणि आधी कोयत्याला धार लावा, मग धमक्या द्या!" कुंपणाशी उभी राहून अख्खी वाडी हसायची.

काकू जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून पपनसाला फूल नाही. यंदा काका मला म्हणाले, "शेजारीण ना तू? मग चढ." चढले. त्यांनी कोयता आपटला, नेहमीचं विचारलं. मी जरा थांबले, तर हळूच म्हणाले, "बोल ना गं. किती दिवस अशी गप्प बसणार?"

ते झाडाशी बोलत नव्हते. मला रडू फुटलं, शब्दच निघेना. काकांनी बराच वेळ वाट पाहिली, मग कोयता ठेवून घरात गेले. दुसऱ्या दिवशी मुलीला कळवलं, येतो म्हणून. उत्तर न देणारं झाड ठेवायचं नसतं, असं तेच सांगत आलेत. उद्या सकाळी करवतवाले येणार आहेत.

मंडळाने मला बोलायला उभं केलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. पण काका, त्या दुपारी मी बोलले नाही, ती चूक तुम्हीच पदरात घ्या. काकूंच्या जागी उभी राहून आज सगळ्यांदेखत सांगते.

देते हो, देते. तोडू नका. कोयता माझ्याकडे ठेवून जा, धार मी लावीन.