रजईखालचा अ‍ॅम्प

गिटार-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते.

"बाबा, परवा कार्यक्रमात तुमचा तो जुना सोलो वाजवायचाय, पण रेकॉर्डिंगसारखा आवाज काही केल्या येत नाही. गिटार तुमचीच, अ‍ॅम्पही तोच. आवाज बदलणारी तीन पेडलं लावून झाली."

"पेडल नव्हतंच. अ‍ॅम्पवर जाड रजई टाकली होती."

"स्टुडिओत रजई कशाला?"

"तुझी आई तापाने फणफणली होती, म्हणून तुला घेऊन गेलो होतो. तू तिथेच झोपली होतीस. उठली असतीस तर रेकॉर्डिंगचे बारा वाजले असते."

"मग नाही ना उठले?"

"शेवटी उठलीसच."

"म्हणून तो सोलो असा मधेच थांबतो?"

"तुला उचलून घ्यायला हात मोकळे नकोत?"