चेहराच चुकीचा आहे

आयुष्यभर लोकांच्या छातीला कान लावून आज माझं भाषण ऐकायची शिक्षा ओढवून घेणारे, छातीचे नामांकित डॉक्टर, आपले सन्माननीय अध्यक्ष महोदय. व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आपल्या कारखान्याचे मुख्य डिझायनर, ज्यांना आपण समोर आणि पाठीमागेही गुरुजी म्हणतो. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौभाग्यवती, आपल्या वहिनी. आणि साच्याच्या खात्यापासून पॅकिंगपर्यंतच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

चहा गरम आहे तोवर आटोपतो, असं मी संयोजकांना कबूल केलं होतं. पण आधीच्या वक्त्यांनी गुरुजींना इतकं उंच चढवलं की चहा कधीच गार झाला. तेव्हा मला आता घाई नाही.

तुम्ही कशाची वाट पाहताय ते मला ठाऊक आहे. माझे कान तिखट आहेत. मघाशी मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "शेठ सल्लागारपदाचं काढतात का बघ." शेजारचा म्हणाला, "काढतील. गुरुजींनी नवा कोट कशाला शिवलाय मग?" बरोबर ओळखलंत. ते मी काढणार आहे, पण शेवटी. गुरुजी, तुमच्या मांडीवरचं ते खोकंसुद्धा तेव्हाच उघडायचं. जड आहे, कल्पना आहे मला. जरा सांभाळा.

मी सायकलच्या पंक्चरच्या दुकानातून इथवर आलो, हे मी कधी लपवलं नाही. ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, हे माझं शिक्षण. पुढेपुढे पाणीही लागेना, ट्यूब कानाशी धरली की भोक सापडायचं. गुरुजी आपल्याकडे नवे होते, तेव्हा एका जेवणात ते पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या शेठना हवा कुठून जाते ते कळतं, हवा कशासाठी असते ते कळत नाही." मी पलीकडे हात धूत होतो. वाक्य मला फार आवडलं. जपून ठेवलं. चांगली वस्तू टाकू नये, कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी दोन शब्द सांगतो. ज्याची छाती थकली आहे त्याला यंत्र हवा देतं. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये असतो आपला मास्क. त्याची मऊ कड चेहऱ्याला सगळीकडून घट्ट लागली पाहिजे. तो गळला की हवा छातीत जायच्या ऐवजी डोळ्यांत जाते आणि माणसाने किती श्वास घेतला ते यंत्राला समजत नाही. मास्क नुसता श्वास देत नसतो, श्वासाची बातमीही देत असतो. गळका मास्क खोटी बातमी देतो, नाहीतर नुसता बोंबलतो.

तर ही कड बसवायची कशावर? गुरुजी तेव्हा तरुण होते. नाकात दोन नळ्या घालून ते बाकावर आडवे झाले आणि स्वतःच्या चेहऱ्यावर प्लास्टर ओतून घेतलं. त्यातून निघालं ते आपल्या चाचणीच्या टेबलावरचं डोकं. भरलेले गाल, सरळ नाक, दणकट जबडा. वहिनी भुलल्या त्यात त्यांचा काय दोष? तेव्हापासून आपला प्रत्येक मास्क आधी त्या डोक्यावर बसला, मग गुरुजींच्या चेहऱ्यावर. गुरुजी आरशात बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "बसला!" की खातं टाळ्या वाजवायचं. जगातला कुठलाही मास्क कुठल्याही माणसाला इतका फिट बसला नसेल.

पुढे हॉस्पिटलांचे फोन यायला लागले. सिस्टर सांगायच्या, म्हाताऱ्यांना तुमचा मास्क गळतो. तोंडात दात नाहीत, गाल आत गेलेत, कड टेकणार कुठे? आम्ही गालात गॉजचे बोळे भरतो, पट्टे आवळतो, मग नाकाच्या हाडावरची कातडी सोलते. गुरुजींचं उत्तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. म्हणू या का एकदा? "मास्क बरोबर आहे. तुमच्या पेशंटचा चेहराच चुकीचा आहे." हसताय ना? कॅन्टीनमध्ये कुणाच्या हातून कप पडला तरी आपण म्हणायचो, कप बरोबर आहे, हात चुकीचा आहे.

चाचणीच्या खोलीत तेव्हा एक मुलगी होती. आवाज बारीक, म्हणून तुम्ही तिला चिमणी म्हणायचात. भर मीटिंगमध्ये ती म्हणाली, "सर, बिनदातांचं एक डोकं करून बघू या का?"

गुरुजी रागावले नाहीत. गुरुजी कधीच रागावत नाहीत. हसून म्हणाले, "ये ना, तुझ्यावरच बघू." तिला खुर्चीत बसवलं, मास्क चढवला, मागचे पट्टे ओढले आणि यंत्राचा दाब वाढवला. "हं, आता बोल. काय म्हणत होतीस?" त्या दाबात शब्द बाहेर येत नाही, उलटा घशात जातो. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गुरुजींनी विचारलं, "बसला का?" तिने मान हलवली. गुरुजी आपल्याकडे वळून म्हणाले, "मान हलवली. बसला!" काय हशा पिकला होता. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

आता गेल्या हिवाळ्याची गोष्ट. गुरुजी, थोडं पाणी घेता का? बरं, राहू द्या.

गुरुजींच्या छातीत कफ साठला आणि त्यांना दाखल करावं लागलं. अध्यक्ष महोदय, तुमच्याच वॉर्डात. तुम्ही डॉक्टर, तुम्हाला पेशंटचं बोलता येत नाही. मी पंक्चरवाला, मला येतं. गुरुजींनी त्याच्या वर्षभर आधीच सगळे दात काढून कवळी बसवली होती. इतकी सुरेख, की तुम्हा कुणाला आज या क्षणापर्यंत पत्ता नव्हता. पण हॉस्पिटलात मास्क लावायचा तर कवळी काढून वाटीत ठेवतात. आणि गुरुजींनी हट्ट धरला, मास्क आमच्याच कंपनीचा लावा.

मी भेटायला गेलो तर दारातच ऐकू आलं. स्स्स. माझा जन्म त्या आवाजात गेलाय. यंत्र टीं टीं करत होतं, सिस्टर पट्टे आवळत होती, गुरुजी हातवारे करत होते. बिचारीला पेशंट कोण ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "काका, वळवळू नका हो. मास्क चांगल्या कंपनीचा आहे, तुमचा चेहराच बसत नाहीये त्यात."

मग म्हणाली, "आ करा." गुरुजींनी आ केला. तिने दोन्ही गालांत गॉज भरलं.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. सिस्टर वळल्यावर त्यांनी मास्क बाजूला केला, बोळे काढले आणि माझा हात धरून म्हणाले, "शेठ, हे बाहेर कुणाला सांगू नका. आणि मला घरी बसवू नका. घरी बसलो तर संपलो मी." मी म्हटलं, "छे छे, भलतंच काय!" आजाऱ्याच्या उशाशी दुसरं काय म्हणतात? वहिनी तिथेच होत्या, विचारा त्यांना. वहिनी, खाली कशाला बघता? सगळी घरचीच माणसं आहेत.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरूनच मी चिमणीला फोन लावला. तिने आधी विचारलं, "सर कसे आहेत?" मी म्हटलं, "गळतायत." ती म्हणाली, "गालात गॉज भरलं का?" मी त्याच फोनवर तिला नोकरी दिली. उद्यापासून डिझाइन खात्याच्या प्रमुख त्या, आता चिमणी म्हणायचं नाही. व्यासपीठावर त्या कोपऱ्यात बसल्या आहेत. वाजवा की टाळ्या. हे भाषणात नको, म्हणून आज सकाळपासून माझ्या मागे लागल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, मास्क तुम्ही बघा, भाषण मी बघतो."

तर गुरुजींची मागणी होती दोन गोष्टींची. पहिली मी आत्ताच मोडली. तेव्हा दुसरी पाळणं मला भाग आहे. सल्लागारपद दिलं. शब्द म्हणजे शब्द.

आता खोकं उघडा. वहिनी, जरा वर या, दोरीची गाठ तुम्हीच सोडा.

दिसलं का सगळ्यांना? वर धरा. टेबलावरचं डोकं. गुरुजी, इतकी वर्षं वापरलेला तुमचा चेहरा कंपनी तुम्हाला साभार परत करत आहे. कुठे ओरखडा नाही, वहिनींनी तपासून घ्यावा. त्याच्यावर बसलेला मास्क या महिन्यापासून बंद.

आमचं टेबल मात्र रिकामं झालं. नव्या मास्कसाठी नवं डोकं हवं. बाईंची मागणी साधी आहे, बिनदातांचं तोंड, आत गेलेले गाल, सैल कातडी. घरात असताना बाहेर कशाला शोधा? सल्लागारांनी रोज सकाळी यायचं, कवळी काढून वाटीत ठेवायची आणि बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसायचं. त्या मास्क बांधतील आणि विचारतील, "बसला का?" बोलायची सक्ती नाही. दारावर सल्लागार अशी पितळी पाटी लागेल, ती मी स्वतः सांगून करून घेतली आहे.

कुणाला हा अपमान वाटतोय का? मला तर हा खरा सत्कार वाटतो. इतकी वर्षं आपण चुकीच्या चेहऱ्यावर मास्क बसवत होतो. गुरुजी, तुमचा चेहरा आत्ता कुठे बरोबर झालाय.

अध्यक्ष महोदयांनी वेळ काढला, पाहुणे गार चहावर बसून राहिले, साच्याच्या खात्याने खुर्च्या मांडल्या, वहिनींनी गुरुजींना इथवर आणलं, या सर्वांचा मी ऋणी आहे. कमी शिकलेला माणूस आहे, बोलताना कुठे हवा सुटली असेल तर बोट ठेवून दाबून घ्या, मनात ठेवू नका.

एवढंच विचारायचं राहिलं. गुरुजी, उद्या सकाळी येणार ना? माईक देऊ? नको?

मान हलवली. सगळ्यांनी पाहिलंत.

बसला.