धावपट्टी आखूड नाही, कॅप्टन

…नाही, नाही, तो माइक आधी खाली ठेवा, कॅप्टन. रागावू नका, पण रेडिओची बॅटरी माझी, दुकान माझं, आणि आमच्या या जंगलातल्या चोंतायाकू गावाची धावपट्टी आखूड आहे असं तुम्ही एकदा तळावर कळवलंत की विमान बंद ते बंदच — मग ती पट्टी फुटबॉललाच. बसा. त्या साबणाच्या खोक्यावर बसा, मजबूत आहे. विमानाला काय झालंय? काही नाही झालं. टोकाला चिखलात चाकं रुतलीत, एवढंच. सगळा गाव दोर लावून ओढतोय, ऐकू येतंय ना? तुम्ही वेळेवर ब्रेक मारलात, झकास केलंत, नाहीतर आत्ता आपण सगळे नदीत माशांशी गप्पा मारत असतो. पण पट्टी आखूड नाही हो! विमान जड होतं.

कसं म्हणजे? वजनकाटा कुठे ठेवलात तुम्ही? माझ्या दारात. का, तर सावली आहे. आणि विमान कुठे? पार वरच्या टोकाला. मधे सगळी घरं, आणि घराघरापुढे एकेक काकी उभी — हातात वाडगा, वाडग्यात युक्काचे कंद आंबवून केलेली दारू, चिचा. निघणाऱ्या माणसाने ती प्यायलीच पाहिजे. नको म्हटलं की त्या घराशी बोलणं तुटलं. गुआलिंगा काकीशी बोलणं तोडायची तुमची हिंमत आहे? माझी नाही. म्हणजे काट्यावर चढतो तो एक माणूस आणि विमानात चढतो तो दीड! तुम्ही नवे, तुम्हाला कोण सांगणार? तुमच्या आधीचे ते मिशनचे वैमानिक, मिस्टर वेंडेल — देव त्यांचं भलं करो, मी कॅथलिक आणि विमान प्रोटेस्टंट, पण साखरेच्या पोत्याला त्यांनी कधी धर्म विचारला नाही — तेसुद्धा सुरुवातीला नुसतं डोकं खाजवायचे. इंजिन उघडून बघायचे, हवाच पातळ आहे म्हणायचे. मग एकदा काकीने त्यांनाच वाडग्यावर वाडगा पाजला, आणि सीटवर बसल्यावर पोटावरून पट्टा लागेना — तेव्हा डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी काटा थेट विमानाच्या दाराशी! आधी पिऊन घ्या, मग वजन द्या.

हसताय? हसा. पण तेवढ्याने भागलं नाही. तुम्ही लोक इंजिन चालू करायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करता ना — चांगली गोष्ट आहे, कोण नको म्हणतं — पण मागचं दार उघडं असतं, कॅप्टन. आणि डोळे तुमचे मिटलेले असतात, आमचे नाही. एक युक्काची टोपली आत, एक केळ्यांचा घड आत, आमेन म्हणायच्या आत दार बंद. वेंडेल नंतर नंतर एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करायचे. तुम्ही आज दोन्ही मिटलेत, आणि केवढी लांबवलीत! आजाऱ्यांसाठी, सरकारसाठी, माझ्या दुकानासाठीसुद्धा. उपकार आहेत, पण तेवढ्या वेळात घर हलवून झालं असतं.

आज? छे, आज कोणी काही टाकलं नाही. एकच गाठोडं, तेही मागच्या सीटखाली, चादरीत बांधलेलं. त्यात काय असणार — दोन कोंबड्या, सुकवलेले मासे आणि तो मिरची वाटायचा दगड… मला कसं माहीत? आता… गाठ मी मारली म्हणून माहीत. अहो, बाळंतिणीला घरच्या कोंबडीचा रस्सा लागतो, आणि हॉस्पिटलात काय देतात? पांचट लापशी! माझी बायको डेल्फिना म्हणाली, दगड न्या, मी तिथे वाटेन. तिच्यापुढे कोणाचं चालतं? तुमचंही चालणार नाही. असू दे, दगड उतरवतो, कोंबड्याही उतरवतो. आणि शाळेचे मास्तर तर विमान थांबायच्या आधीच उडी मारून पळाले — दाढ दुखायची थांबली म्हणे! झालं की विमान हलकं.

नाही, उद्या नको. उद्या हेलिकॉप्टर मागवतो म्हणू नका. माझ्या लेकीकडे, झोइलाकडे बघितलंत तुम्ही? त्या नीरफणसाच्या झाडाखाली आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलीय ती. सुईण म्हणाली, बाळ आडवं आहे. आडवं म्हणजे काय ते मला विचारू नका, मला नीट ऐकवलं नाही. तिच्या मागच्या बाळंतपणाच्या वेळी मी मालाच्या होडीबरोबर खाली नदीवर होतो, आणि वर आलो तोवर बाळाला पुरूनही झालं होतं. ती दुकानात आली, तागडीशी बसून मिठाच्या पुड्या बांधत राहिली, दिवसभर. या वेळी म्हणाली, बाबा, तुम्ही बरोबर चला. म्हणून मी कपडे बदललेत, नाहीतर या चिखलात हा पांढरा सदरा कोण घालतो? इतकी वर्षं तुमच्या विमानातून आलेला माल विकतोय, पण आत आजच पहिल्यांदा बसलो. झोइला माझा हात धरून होती, तुम्ही ब्रेक मारलात तेव्हासुद्धा.

काय लिहिताय तळहातावर? गवत ओलं, वारा नाही… बरं. मास्तर वजा, दगड वजा, कोंबड्या वजा. तरी जास्तच? परत मोजा ना. मासेही काढतो. माझे बूट काढतो, बूट जड आहेत. किती म्हणालात? म्हणजे बरोबर एकच जण. मग डेल्फिनाला — नाही, डेल्फिना हवीच, आई हवी, ते तर… मग राहिलं कोण?

असे बघू नका माझ्याकडे. कळतं मला. तराजूवरच पोट भरतोय मी.

हं.

तिला तुम्हीच सांगा. मी तिथे आलो तर ती हात सोडायची नाही, आणि मलाही सोडवायचा नाही. म्हणा, बाबा दुकान बंद करून पुढच्या फेरीत येताहेत. आज पुढची फेरी नाही हे कशाला सांगायचं? आणि पट्टी आखूड का लांब ते तिला पोचवून मग लिहा, हवं ते लिहा, मी भांडायला येणार नाही. ऐका — ओढणं थांबलं. विमान वर पोचलं. पलीकडे ढग भरायला लागलेत, तुम्हालाही दिसतंय. गावावरून गोल फिरून पंख हलवता ना पोरांसाठी, ते आज नको. सरळ जा. उठा, कॅप्टन. अहो, त्या खोक्यावर अजून बसलाय काय? जा!