मीटर माझ्या ड्रॉवरमध्ये होता

मी, कॉइल वाइंडर, वय ४७ वर्षे, नोकरी विमानाच्या अतिवाहक मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात, राहणार कारखान्यामागची वसाहत, दुसरा मजला, स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, आज सकाळी आमच्या चाचणी विभागात मोटरखालच्या खड्ड्यात जे वारले ते माझे सख्खे धाकटे दीर. त्याच विभागात मोटरी गार ठेवण्याचं काम ते करत. सगळे त्यांना फ्रीजवाले म्हणत.

आमची मोटर विमानाचा पंखा फिरवते. तिच्या कॉइलमध्ये तांब्याच्या तारेऐवजी खास धातूची पातळ टेप असते. ती द्रव नायट्रोजनने शून्याखाली १९६ अंशांपर्यंत गार केली की वीज तिच्यातून विनाअडथळा वाहते, म्हणून मोटर लहान आणि हलकी होते. टेप मी गुंडाळते. पायाने चाक चालवते, उजव्या हाताने टेप धरते आणि तोंडाने वेढे मोजते. एका कॉइलला २१२. मशीनवर आकडा दिसतो, पण त्याच्यावर माझा भरवसा नाही. मोजणी चुकली की सगळं उलगडावं लागतं. त्यामुळे मी मोजत असताना कोणी बोलायचं नाही. कोणी आलंच तर मी डावा हात वर करते. मग तो माणूस थांबतो, नाहीतर निघून जातो. हा शिरस्ता मीच पाडला आहे.

नायट्रोजनला वास नसतो. गळाला तर खोलगट जागेत साचतो आणि तिथला ऑक्सिजन कमी होतो. माणूस दोन श्वासांत कोसळतो. म्हणून खड्ड्यात उतरताना छातीला ऑक्सिजनचा मीटर लावायचा नियम आहे. दिरांचा मीटर जरा काही झालं की टीं टीं करायचा. गेल्या सोमवारी त्या आवाजाने १९० वेढ्यांवर माझी मोजणी चुकली. मी भडकले. "भावोजी, ही कटकट माझ्याकडे द्या. खड्ड्यात जाताना मागून न्या," असं म्हणून तो ड्रॉवरमध्ये टाकला. ते म्हणाले, "आता फक्त दादाला ड्रॉवरमध्ये टाकायचं राहिलंय, वहिनी." सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून ते रोज मागून नेत आणि आणून देत.

आज ११ वाजून १० मिनिटांनी चाचणी चालू असताना मोटरमधली एक कॉइल एकाएकी तापली. असं झालं की नायट्रोजन उकळून बाहेर पडतो. मोटर थांबवली, पण खड्ड्यातला नायट्रोजनचा व्हॉल्व्ह हातानेच बंद करावा लागतो, आणि ते काम दिरांचं. हे सगळं मला नंतर कळलं. ते माझ्या दारात आले तेव्हा मी १८१ वर होते. "वहिनी," एवढंच म्हणाले. मी हात वर केला. त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे चार-पाच वेढे होईपर्यंत ते गप्प उभे होते. मग पावलं परत गेल्याचं ऐकू आलं.

मी २१२ पूर्ण केले आणि टोक बांधलं. तेव्हा घड्याळात ११ वाजून १९ मिनिटं झाली होती. मग मीटर आठवला. असे कसे न घेता गेले, म्हणून चिडूनच तो घेऊन निघाले. खड्ड्याच्या पहिल्या पायरीवर मीटर माझ्या हातात किंचाळायला लागला. दीर शेवटच्या पायरीशी पालथे पडले होते. व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला होता. मी खूप हाका मारल्या. खाली उतरले नाही. मास्क लावलेले दोघे सहा मिनिटांनी आले आणि त्यांना वर घेतलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

कारखान्याच्या साहेबांनी अहवालात "कर्मचारी मीटर लावण्यास विसरला" असं लिहिलं आहे. दुपारी माझ्या जावेने विचारलं, "ताई, घरातून निघताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघणारा माणूस, मीटर कसा हो विसरला?" ते गेले हे मला अजून खरं वाटत नाही. मी त्यांना मारलं, असं मला वाटतं. ते विसरले नव्हते, मीटर मागायलाच आले होते. तेवढं सांगायला मी आले.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी "दिरांनी मीटर नेला नाही" असं लिहिलेलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि "मी मीटर दिला नाही" असं लिहून घेतलं. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे.